पुढच्या सीटवरचा गणपती

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही, कुणालाही, न विचारता सांगते. काहींना तो गर्व वाटतो. वाटू दे. ज्या घरात आई अजून अंगठा उठवते आणि बाबा चौथीनंतर जोताला लागले, त्या घरात बी.कॉम.चा कागद भिंतीवर लागला तर तो लोकांना दाखवायचाच असतो. पदवीमागून कुडाळला एका पतसंस्थेत नोकरी लागली, आणि नोकरीतून गाडी आली. गाडीही घराण्यातली पहिलीच.

जुनीच गाडी, तोंडवलीच्या एका गृहस्थांची. त्यांचं घर इतकं समुद्राला लागून की खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून पाय लांब केले तर लाट लागावी. बाबा सोबत आले होते. बैल विकत घेताना दात बघतात तसे त्यांनी टायर बघितले, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "रंग बरो आसा." आमचा व्यवहार तेवढ्यावर पक्का झाला.

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक मिळालं. ते मी अथपासून इतिपर्यंत वाचलं. ऑफिसातले हसले. म्हणाले, गाडीचं पुस्तक कोणी वाचतं का? मी वाचते. आमच्याकडे छापील काही आलं की ते वाचायचं, ही सवय मला गरजेतून लागली, कारण घरात वाचणारी मी एकटीच होते. रेशनच्या दुकानावरची पाटी असो की आईच्या गोळ्यांचं पाकीट, सगळे माझ्याकडेच बघायचे. तर त्या पुस्तकात समोर पेटणाऱ्या दिव्यांचीच दोन पानं होती. पिवळा दिवा लागला तर गॅरेजला दाखवा, फार दिवस लांबवू नका. लाल लागला तर सुरक्षित जागा बघून थांबा. एवढं मी डोक्यात पक्कं बसवलं होतं.

आता मूळ गोष्ट. आमचा गणपती मसुऱ्याच्या पलीकडच्या शाळेत होतो. गणपतीची शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा. आमच्या आजोबांपासून मूर्ती तिथेच सांगायची, आणि चतुर्थीला सकाळी ती डोक्यावरून घरी आणायची. बाबांनी ती उभा जन्म आणली. मळ्याच्या मेरेवरून म्हणजे बांधावरून, सड्यावरून, मग घाटी उतरून आमच्या वाडीत. कधी पाऊस, कधी चिखल. देवाला कधी ठेच लागली नाही, याचा त्यांना माझ्या पदवीइतकाच अभिमान.

पण त्या वर्षी त्यांची मान धरली होती. कणकवलीच्या डॉक्टरांनी बजावलं, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. बाबांनी त्यांना विचारलं, "गणपती ओझ्यात येता काय?" डॉक्टर म्हणाले, येतो. बाबा घरी येईपर्यंत त्या डॉक्टरांवर रागावलेले होते.

मी म्हटलं, "बाबानू, गाडी आसा मा आपली. गाडयेतसून हाडूया."

"गाडयेतसून? देव काय वाण्याकडचो माल?"

"सगळे हाडतत आता."

"सगळ्यांचा माका सांगा नको."

दोन दिवस असं चाललं. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरा. पण घरात भटजी येवच्या आदी देव पाटार बसाक व्हयो. सुको आणि अख्खो. शब्द दितंस?"

मी शब्द दिला. आमच्या वाडीत चतुर्थीला एकच भटजी घरोघर फिरतात. त्यांची आपल्या घरची पाळी चुकली की मग सगळी घरं संपवून ते परत येईपर्यंत थांबायचं. नैवेद्य थंड, माणसं उपाशी, आणि वर्षभर लोकांच्या तोंडाला विषय. तेव्हा शब्द काही साधा नव्हता.

सकाळी आम्ही तिघं निघालो. मी, बाबा आणि काकी. काकी म्हणजे बाबांची थोरली वहिनी. देवाधर्माचं तिला कोणी विचारलं नाही तरी ती सांगते. शाळेत आमची मूर्ती तयार होती. मातीची, डाव्या सोंडेची, हातभर उंच, तोंडावर कोरा रुमाल बांधलेला. घरी पाटावर बसवल्याशिवाय तो काढायचा नसतो. बाबांनी मूर्ती पुढच्या सीटवर ठेवली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि स्वतः मागे बसून दोन्ही हात सीटच्या पाठीला घालून देवाला धरून राहिले. काकी त्यांच्या शेजारी, मांडीवर माटवीचं सामान घेऊन. गणपतीच्या डोक्यावर जी फळाफुलांची चौकट टांगतात ती आमची माटवी, आणि त्यासाठी काकीने काकडी, कवंडळ, तोरिंजन काय काय बांधून घेतलं होतं.

गाडी सुरू केली. जरा पुढे गेलो आणि टुंग, टुंग, टुंग.

"ह्या काय वाजता?" बाबा सीट आणखी घट्ट धरत म्हणाले.

मी समोर बघितलं आणि हसायलाच लागले. पट्ट्याचा दिवा होता. पुढच्या सीटवर वजन आलं की गाडीला वाटतं माणूस बसलं, आणि पट्टा नाही लावला की ती ओरडते. मी दोघांना समजावून सांगितलं.

काकीचा चेहरा उजळला. "गाडीक सुदा कळला गो, देव बसलो म्हणान!"

"पट्टो लावचो लागतलो," मी म्हटलं.

"खंय? देवाच्या छातयेर? देवाक काय चोरासारखो बांदून नेतंस?"

मी गाडी बाजूला घेतली. पट्टा गणपतीच्या मागून नेला आणि खटक्यात अडकवला. देवाला स्पर्श नाही आणि गाडीचंही समाधान. टुंगटुंग थांबलं. बाबा म्हणाले, "शिकलंस ता फुकट नाय गेला." असं ते सहसा बोलत नाहीत. मी पुढे कितीतरी वेळ त्याच आनंदात गाडी चालवत होते.

मळा संपून आम्ही सड्यावर चढलो. सडा म्हणजे उघडं, काळ्या कातळाचं माळरान. भाद्रपदात त्यावर गुडघाभर गवत आणि सोनकीची पिवळी फुलं. सर येत होती, जात होती. मागे काकी आरतीचा एक चरण चुकीचा म्हणत होती आणि बाबा दर वेळी तो सुधारत होते. सडा संपला की आमची घाटी. अरुंद रस्ता, एकामागून एक वळणं, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खाली काजूच्या बागा. घाटी उतरली की घर.

त्या सड्यावरच पुन्हा आवाज आला. टुंग.

"पट्टो सुटलो," काकी म्हणाली.

"तू चल, मी धरलंय देवाक," बाबा म्हणाले.

मला पण तसंच वाटलं. हात लांब करून खटका दाबून बघितला. घट्ट होता. तेव्हा मी समोर नीट बघितलं. पट्ट्याचा दिवा नव्हता. लाल गोल, आत उद्‍गारचिन्ह. पुस्तकातल्या त्या दोन पानांवर हा दिवा अगदी वरच्या ओळीत होता. ब्रेकचा.

पहिला विचार आला हँडब्रेकचा. तो थोडा वर राहिला तरी हाच दिवा लागतो. काकीच्या गाठोड्यातलं एखादं तोरिंजन त्याच्यावर रेललं असेल, असं वाटलं. हात लावून बघितला, पूर्ण खाली होता. मग ब्रेकवर अलगद पाय ठेवला. एरवी पाय जिथे अडतो तिथे अडला नाही. आणखी खाली गेला आणि मग कुठे गाडी जराशी धरली.

माझा पाय शहाणा निघाला. ॲक्सिलरेटर सोडला. गिअर एकेक करून खाली घेतला, तशी गाडी स्वतःच जड होत गेली. चारी दिवे उघडझाप करायला लावले. घाटीच्या तोंडाशी चिऱ्यांनी बांधलेला एसटीचा थांबा आहे, तिथे जमीन सपाट आहे. तिथपर्यंत गाडी रांगत गेली आणि हँडब्रेक हळूहळू ओढत मी ती थांब्याच्या कडेला उभी केली. पहिला गिअर टाकला. उतरून टायरांपुढे दगड लावले.

"काय झाला?" बाबा.

"ब्रेकचो दिवो लागलो."

"पट्ट्याचो."

"नाय बाबानू. ब्रेकचो."

बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची छोटी बाटली असते, तिच्यावर खालची रेघ असते, आणि तेल त्या रेघेच्या पार खाली. म्हणजे कुठूनतरी गळत होतं.

काकी छत्री घेऊन शेजारी आली. "पानी घाल मगे. माज्याकडे तांब्यात आसा."

"काकी, हेत पानी चलना नाय."

"तेलाच्या जागेर तेल घाल. खोबऱ्याचा आसा, दिव्यासाठी घेतलंय."

"काकी!"

बाबा मात्र गाडीतून उतरले नव्हते. सीट सोडली तर देव हलेल, म्हणून तसेच बसून खिडकीतून बोलत होते. "सावकाश उतर. घाटी काय लांब नाय. हय तर घर दिसता."

घर खरंच दिसत होतं. माडांच्या मधून आमचं कौल, आणि चुलीचा धूर. तेच तर वाईट होतं. लांब असतं तर कोणी आग्रह धरला नसता.

"बाबानू, मी गाडी घाटी उतरवचंय नाय."

"भटजी येतलो आता."

"येवंदे."

"तू शब्द दिललंस."

"अख्खो हाडीन म्हणान दिललंय. ह्या गाडयेत घाटी उतारलंय तर तोय अख्खो रवाचो नाय आणि आपणय."

ते हळू आवाजात म्हणाले, "डोक्यावरचो देव कदी वाटेत थांबाक नाय." ते वाक्य मला लागलं. रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सड्याच्या त्या टोकाला फोनला रेंज मिळते. कुडाळच्या माझ्या मेकॅनिकला लावला. उचलला बायकोने, मग त्याला दिला. "गो बाय, मी सोवळ्यात आसंय. पूजेक बसलंय." मी दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, "चावी काडून खिशात घाल. आता कोणय येवचो नाय, सगळ्यांच्या घरात गणपती. उद्या येतंय. देवाक चलत घेवन जा." आणि मागून घंटेचा आवाज आला, फोन बंद. दुसऱ्या दिवशी तो आला, गाडीखाली शिरला, आणि गंजून भोक पडलेली ब्रेकची नळी माझ्या हातात दिली. तोंडवलीच्या खाऱ्या वाऱ्याने ती खालून खाल्ली होती. आम्ही रंग बघून गाडी घेतली होती, त्याला आता काय करणार!

तर चालत. पण कोणी?

बाबा अखेर उतरले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि तो गोल गोल वळून चुंबळ करायला लागले. मी बघत राहिले. मान वळवायची तर ज्याला अख्खं अंग वळवावं लागत होतं, तो माणूस चुंबळ वळत होता, आणि बरा खुशीत वळत होता.

मी ती त्यांच्या हातातून घेतली.

"माका द्या. मी घेतंय डोक्यावर."

मुलगी गणपती डोक्यावर घेणार म्हटल्यावर काकीने छत्रीच खाली केली. "चेडू? डोक्यावर गणपती? खंय बगलंस?"

"काकी, पान्याच्यो कळशो कोणी हाडल्यो इतकी वर्सां? विहिरीवरसून दोन-दोन? तेवां चेडू दिसला नाय तुका?"

"ता पानी. ह्यो देव."

"पानीय माज्या डोक्यार सांडूक नाय."

इतक्यात मागून एक रिक्षा आली. खालच्या वाडीतली, त्यांचाही गणपती आत, आणि त्याच्या भोवती माणसं अशी की रिक्षाचा रंग दिसू नये. रिक्षावाला थांबला. "काय झाला? आमच्या गणपतीच्या मांडयेर बसवया तुमचो?" आत हशा झाला. जागा तर उंदरालाही नव्हती. आम्ही त्यांच्याकडे फक्त माटवीचं गाठोडं दिलं. पण ते पुढे गेले नाहीत. काय ठरतंय ते बघायला सगळे खाली उतरले. गावात हे असंच. मदत आणि तमाशा एकत्रच येतात.

सगळे बाबांकडे बघत होते. बाबा माझ्याकडे. मग त्यांनी वहाणा काढल्या, देवासमोर, म्हणजे गाडीच्या उघड्या दाराशी उभे राहिले, हात जोडले, आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवाशी बोलायची ही रीत. घरातला मोठा माणूस मोठ्याने देवाला सांगतो, आणि बाकीचे होकार भरतात. पण रस्त्यात, गाडीच्या दाराशी घातलेलं गाऱ्हाणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रिक्षावाल्यांनी लगेच साथ धरली.

"दरवर्साप्रमाणा आज तुका घराक नेतंव. माजी मान चलना नाय, म्हणान माज्या चेडवान तुका गाडयेत बसवल्यान. ती गाडी आता वाटेत रवली."

"व्हय म्हाराजा!"

"त्येत तेचा काय चुकला नाय. तेना दिवो येळेर वळाखल्यान, म्हणान आमी तिगांय हय उबी आसंव. नायतर खाली काजीत गावलो असतंव."

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी काकीचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आता फुडची वाट तेच्या डोक्यावर बसान चल. तेचो पाय घसराक दिव नको. आणि ही सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला पदवी मिळाली तेव्हा बाबा समारंभाला आले नव्हते. भातलावणी होती. ते मला काय म्हणाले असते, ते मला त्या एसटीच्या थांब्यावर ऐकायला मिळालं. तेही थेट मला नाही, देवाला.

मी चपला गाडीत टाकल्या. चुंबळ डोक्यावर ठेवली. बाबा आणि रिक्षावाला, दोघांनी मिळून मूर्ती उचलून वर ठेवली. एकदम मान खाली दबली, मग हळूहळू सरळ झाली. मातीचा आणि रंगाचा वास नाकात आला. पुढे रिक्षा, पायी चालणाऱ्याच्या वेगाने, आतून टाळ. मागे आम्ही. बाबांनी छत्री देवावर धरली. आमच्या दोघांवर पाऊस.

डोक्यावर कळशी असली की डोळे आपोआप खाली जात नाहीत, पावलंच रस्ता बघतात. हे अंगात असतं, विसरत नाही. पण कळशी सांडली तर पुन्हा भरता येते. पहिल्या वळणावर शेवाळ होतं. तिथे मी बोटं डांबरात रुतवून चालले. बाबा शेजारून पुटपुटत होते, "डावीकडे... खड्डो आसा... आता बरा." त्यांच्या पायांना ती वाट पाठ होती. ते सांगत होते आणि मी चालत होते.

घाटीच्या मधल्या घरांतून माणसं बाहेर आली. पडवीतून एकीने विचारलंच, "काय गो, गाडी घेतलंस आणि चलत इलंस?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "गाडी वर आराम करता. चेडू चलता."

"आणि तुमी?"

"मी छत्रेचो धनी!"

हसू आलं, आणि डोक्यावर गणपती असताना हसायचं कसं हे काही मला माहीत नव्हतं. पोटातल्या पोटात हसले. काकी मागून ओरडली, "हसा नको गो, देव हलता!" आणि स्वतःच हसत सुटली.

घाटी संपली. मळ्याची मेर आली, मग आमची पायरी. आई गाडीच्या आवाजाची वाट बघत खळ्याच्या कडेला उभी होती. आवाज आला टाळांचा. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डोक्याकडे, मग बाबांकडे. आत पळाली आणि तांब्या, निरांजन घेऊन आली.

पडवीत भटजी होते. नुकतेच येऊन पायावर पाणी घेत होते. वर बघून म्हणाले, "इलात? बरा झाला. मी ह्यो आताच पोचलंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. भटजींनी अजून उंबरा ओलांडला नव्हता; शब्द तेवढा पाळला गेला होता.

देव घेऊन येणाऱ्याचे पाय उंबऱ्याबाहेर धुतात. दर वर्षी आई बाबांचे धुते. ती वाकली आणि माझ्या चिखलाच्या पायांवर तिने तांब्यातलं कोमट पाणी ओतलं. मी मागे सरकायला गेले.

"आये, तू कित्या माज्या पायाक..."

"गप उबी रव. देव आसा तुज्या डोक्यार." आणि बोटांच्या बेचक्यांतला चिखलसुद्धा तिने हाताने काढला. मग कुंकू लावलं, ओवाळलं.

आत माटवीच्या रिकाम्या चौकटीखाली पाट मांडलेला होता. बाबांनी आणि मी मिळून मूर्ती उतरवली. भटजींनी खूण केल्यावर बाबांनी तोंडावरचा रुमाल सोडला. मग ते खाली बसले आणि बघायला लागले. सोंड बघितली, दात बघितला, हाताची बोटं एकेक करून बघितली, मोदक बघितला, उंदराची शेपटी बघितली.

"अख्खो," बाबा म्हणाले.